हार्डकोर रेव्ह: मिनिटाला १८० ठोक्यांची रात्र

हार्डकोर म्हणजे रेव्हमध्ये, रात्रभराच्या नाचाच्या कार्यक्रमात, वाजणारं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत. ते कुणालाही ऐकवा, आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ह्यात गाणं कुठंय?" अर्धं मिनिट होत नाही तोवर समोरचा मोबाइल परत देतो. मी लातूरला मंडप आणि साउंडचं काम करतो. त्यामुळं हा प्रश्न मला पोरांच्या आयांकडून येतो, म्हाताऱ्या माणसांकडून येतो आणि बेसच्या पेट्या उचलणाऱ्या माझ्याच पोरांकडूनही येतो. मराठवाड्यातली लेकरं आता पुण्याला, बेंगळुरूला, काही थेट युरोपात नोकरीला आहेत. तिकडून एखादा व्हिडिओ येतो. अंधारा हॉल, हजारो माणसं, लेझरचे पट्टे आणि नुसतं धाड धाड धाड. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्या रात्रीत घाबरण्यासारखं काय आहे आणि काय नाही, ते नीट उलगडून सांगावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

तर गाणं कुठंय? ते ठोक्यातच आहे. बाकी बहुतेक संगीतात ठोका मागं राहून गाण्याला धरून ठेवतो. हार्डकोरवाल्यांनी तो पुढं आणला आणि बाकीचं सगळं त्याच्यामागं उभं केलं. म्हणून आपण सवयीनं चाल शोधत बसलो तर हाती काही लागत नाही. ठोका ऐकायला लागलो की एकेक गोष्ट उघडत जाते.

या ठोक्याला किक म्हणतात. त्याची मुळं १९८३ सालच्या एका जपानी यंत्रात आहेत. रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ताल वाजवणारं यंत्र. त्यातला किक म्हणजे कुठल्या ढोलाचं रेकॉर्डिंग नाही. आतलं सर्किट स्वतःच एक लहर तयार करतं. ती उंच सुरात सुरू होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ कंपनांपर्यंत, घसरते. आपल्याला ‘धुम्’ असं ऐकू येतं ते या घसरण्यामुळं. हाउस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रकारांत हा ठोका असाच गोल, मऊ वापरला जातो.

हार्डकोरवाल्यांनी मिक्सरचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, हद्दीपलीकडं चढवला. आवाज यंत्राच्या ताकदीबाहेर गेला की लहरीची वरची आणि खालची टोकं कापली जातात. गोलाई जाते, सपाट कडा येते. आणि अशी टोकं कापलेल्या लहरीत मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर आपोआप भरतात. ५० हर्ट्झच्या ठोक्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झ येऊन बसतात. हे फक्त आवाज फाटणं नाही, तो भरणंही आहे. मोबाइलच्या बारक्या स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही, तरी हार्डकोरचा ठोका त्यावर कळतो, कारण वरचे सूर तो स्पीकर वाजवू शकतो आणि खालचा सूर आपला मेंदू त्यावरून ताडतो. शिवाय या भरलेल्या ठोक्याला स्पष्ट स्वर मिळतो. मग तो वर-खाली लावून त्याच्यावरच चाल वाजवता येते. ज्याला आपण ‘नुसती धडधड’ म्हणतो, त्यात बऱ्याचदा ठोकाच सा-रे-ग करत असतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडं सगळा घोटाळा इथंच होतो. हार्डकोरमधलं हे फाटणं स्टुडिओत, ठरवून, एकेका ठोक्यावर मेहनत घेऊन केलेलं असतं. कार्यक्रमाच्या ठिकाणी लावलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र अगदी साफ चालवावे लागतात. फाटलेला आवाज जसाच्या तसा पोचवायचा तर यंत्रणेत भरपूर ताकद राखून ठेवावी लागते. आपल्या मिरवणुकीत नेमकं उलटं होतं. गाणं साधं असतं आणि फाटतो तो ॲम्प्लिफायर. आयशरवर भिंत रचलेली, जनरेटर दमलेला, क्लिपचा, म्हणजे आवाजाची टोकं कापली जातायत हे सांगणारा, लाल दिवा विझायलाच तयार नाही, आणि पब्लिक ओरडतंय, "अजून बेस!" क्लिप झालेला ॲम्प्लिफायर वरच्या पट्टीत नको तेवढी ताकद ढकलतो, टॉपच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या, डायफ्रामची कॉइल जळते आणि समोर उभ्या माणसाच्या कानात जातो तो कर्कश कचरा. पन्नास हजारांचा स्पीकर अशा रीतीनं एका संध्याकाळीत जातो. कान तर विकत मिळतच नाही.

वेगाचं गणित सोपं आहे. मिनिटाला किती ठोके, त्याला बीपीएम म्हणतात. वरातीत वाजणारी बहुतेक गाणी शंभर ते एकशेतीसच्या दरम्यान असतात. हाउस १२० ते १३०. हार्डकोरचा मूळ डच प्रकार म्हणजे गॅबर, तो साधारण १६० ते १९०. त्याच्या पुढं ज्याला अपटेम्पो म्हणतात ते २०० ओलांडतं आणि स्पीडकोर तर ३०० च्या वर जातं. १८० म्हणजे सेकंदाला तीन ठोके. कुणी हा वेग असाच वाढवत नेला तर १२०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला वीस ठोक्यांवर, कानाला ठोके सुटे कळणं थांबतं आणि त्यांचा एक सलग घोगरा सूर होतो. ताल आणि सूर या वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण मानतो. वेग पुरेसा वाढवला की तालाचाच सूर होतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. तेवढ्या वेगाची रेकॉर्ड बनवणारीही माणसं आहेत, पण त्यावर कुणी नाचत नाही.

हे सगळं आलं कुठून? जर्मनीत फ्रँकफर्टच्या मार्क अकार्डिपाने यानं १९९० साली काढलेली एक रेकॉर्ड या घराण्याची सुरुवात मानली जाते. पण हार्डकोर वाढलं ते नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये. रॉटरडॅम हे युरोपातलं सर्वांत मोठं बंदर. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी तिथल्या जुन्या शहराचा मधला भाग बेचिराख केला आणि लढाईनंतर ते काँक्रीट आणि पोलादातून पुन्हा उभं राहिलं. ॲमस्टरडॅम दिखाऊ आणि आम्ही कष्टकरी, ही तिथली जुनी ईर्षा. ॲमस्टरडॅमच्या क्लबांत गुळगुळीत हाउस चालायचं, तेव्हा रॉटरडॅमच्या पार्कझिख्त नावाच्या क्लबात डीजे रॉब वेग आणि कडकपणा वाढवत होता. १९९२ मध्ये डीजे पॉल एल्स्टाकच्या रॉटरडॅम रेकॉर्ड्सनं काढलेली पहिलीच रेकॉर्ड ॲमस्टरडॅमला डिवचणारी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात हेरेनफेन गावच्या थियाल्फ या बर्फावर स्केटिंग करायच्या हॉलमध्ये थंडरडोम नावाची पहिली मोठी रात्र झाली. पुढच्या तीन-चार वर्षांत ही तिथल्या कामगार घरांतल्या पोरांची मोठी लाट झाली. मुलांची डोकी तुळतुळीत, मुलींच्या कानांवरचे केस काढलेले, अंगात रंगीत ट्रॅकसूट, पायात धावायचे बूट.

त्या तुळतुळीत डोक्यांमुळं एक डागही लागला. काही वंशद्वेषी टोळकी या गर्दीत शिरली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्यांनाच त्या रांगेत बसवलं. डीजे आणि रेकॉर्ड कंपन्यांनी उघड भूमिका घेतली, वंशद्वेषाविरुद्धच्या घोषणा रेकॉर्डच्या वेष्टनावर छापल्या. ते प्रकरण झाकायला नको, म्हणून सांगितलं. नव्वदचं दशक सरता सरता लाट ओसरली, पण संपली नाही. थंडरडोमच्या पंचविसाव्या वर्षाची रात्र २०१७ मध्ये उट्रेख्तला झाली, तेव्हा पहिल्या पिढीची माणसं आपल्या वयात आलेल्या लेकरांना घेऊन आली होती.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी झाली. तिथं रेव्ह म्हणजे मोकळ्या माळावर, परवानगीशिवाय, स्वतःचा साउंड आणून केलेली रात्र. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या गायरानावर वीस हजारांहून जास्त माणसं जमली आणि आठवडाभर हलली नाहीत. सरकार हादरलं. १९९४ च्या कायद्यात अशा रात्रींचं संगीत म्हणजे काय हे लिहिताना ‘एकापाठोपाठ येणारे तेच ते ठोके’ अशी व्याख्या संसदेनं घातली. तालावर कायदा करायची वेळ आली, यावरूनच त्या तालाची पकड लक्षात यावी.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. मी त्याच्याकडं गेलो तेव्हा तो मला अशा एका रात्रीला घेऊन गेला. दारातच त्यानं दोन मऊ बोळे हातावर ठेवले. "मामा, आधी हे कानात घाला, मगच आत चलायचं." बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. आपल्या मेडिकलच्या दुकानातही हे बोळे थोडक्या पैशात मिळतात. नीट बसले तर आवाज पंधरा-वीस डेसिबलनं उतरतो आणि बेस तर छातीत पोचतोच.

आत शिरल्यावर माझं लक्ष नाचाच्या आधी भिंतींकडं गेलं. स्पीकर वर टांगलेले, खाली वळवलेले. त्यामुळं पुढच्याच्या तोंडावर भडिमार नाही आणि शेवटच्यालाही तोच आवाज. बाहेर पडायची दारं उजेडात. पाण्याची सोय. प्रथमोपचाराची खोली, आणि ती कुठं आहे हे प्रत्येकाला माहीत. शांत बसायला वेगळी जागा. सुरुवातीचे डीजे वेग खाली ठेवतात, अंग तापू देतात. मध्यरात्र ओलांडली की दर डीजेगणिक वेग चढतो आणि पहाटेकडं सगळ्यात कडक माल येतो. गाणी एकातून एक अशी जोडलेली की थांबा म्हणून येत नाही. मध्येच ठोका पूर्ण काढून घेतात, नुसते सूर तरंगत राहतात, हजारो माणसं श्वास रोखून उभी राहतात आणि मग ठोका परत पडतो. ती पोकळी नेमकी किती लांबवायची, यातच डीजेची पारख होते.

नाचाला हाकन म्हणतात. वरचं अंग बऱ्यापैकी सैल, हात छातीसमोर कापत जाणारे, आणि पाय ठोक्यागणिक टाच-चवडा करत आलटून पालटून पुढं फेकलेले. १८० च्या वेगाला माणूस टिकतो कसा, असं वाटेल. पण चांगला धावपटू मिनिटाला १६० ते १८० पावलं टाकतोच. हाकन म्हणजे जागच्या जागी धावणं. बऱ्याच जणांना मी दोन ठोक्यांत एकच पाऊल टाकताना पाहिलं, म्हणजे ९० चा चालण्याजोगा वेग. नव्या माणसानं तसंच करावं.

अंग मात्र नाचू का लागतं, यावर २०२२ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठानं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या खऱ्याखुऱ्या कार्यक्रमात त्यांनी कानाला जवळपास कळणारच नाही इतका खालचा बेस दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केला आणि प्रेक्षकांच्या हालचाली मोजल्या. तो बेस चालू असताना माणसं सुमारे १२ टक्के जास्त हलत होती, आणि बेस चालू झालाय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कातडी आणि आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग हा बेस टिपत असावा, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. बेसच्या पेट्यांजवळ पंचवीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला हे पटायला पुरावा लागत नाही, पण तो मिळाला याचा आनंद आहे.

आपल्या भागाला हे सगळं परकं वाटायचं काही कारण नाही. तुळजापूरच्या आईचा गोंधळ रात्री उभा राहतो तो पहाटेपर्यंत. संबळाची जोडी, एक बाजू खर्जात आणि एक टिपेला, तुणतुण्याची एकच तार, दिवटीचा उजेड. रात्र चढते तशी लयही चढते. हलगीवाला शेकोटीवर हलगी तापवतो, कातडं ताणून घेतो आणि मग जो कडक आवाज निघतो तो ऐकून बसलेली माणसं उठतात. पोतराजाच्या पायातले चाळ आणि त्याचा कोरडा एकाच ठोक्यावर पडतो. तरी दोन्ही एकच आहेत, असं मी म्हणणार नाही. गोंधळात कथा आहे, आख्यान आहे, देवी आहे, ज्याच्या घरी लग्न झालं ते घर आहे. हार्डकोरमध्ये कथा मुळीच नाही आणि ती असावी असा हट्ट तिथल्या कुणाचा नाही. सारखं आहे ते एवढंच की रात्रभर एका तालात राहिलं की माणसाचं शरीर आणि मन वेगळ्या जागी जातं, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही त्याची तयारी नीट करतात.

आणि मला जे कळकळीनं सांगायचंय ते या तयारीबद्दल आहे. लोक म्हणतात, आवाजच वाईट. मी म्हणतो, आवाज कुठं, किती वेळ, कुणाच्या मर्जीनं, ते बघा. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात, असा एक जुना हिशोब कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जातो. त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला कान झाकले नाहीत तर जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली, त्याबरोबर कानाचे बोळे आणि शांत जागा द्यायला सांगितलं. आपल्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणावारी वर्षातले पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं.

हार्डकोरच्या हॉलमध्ये शिरणारा तिकीट काढून, बोळे घालून, स्वतःच्या मर्जीनं शिरतो आणि नको झालं की बाहेर पडतो. आपल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर खाटेला खिळलेली आजी कुठं बाहेर पडणार? पाळण्यातलं लेकरू काय करणार? दोन्ही बाजूंना भिंती असल्या की आवाज पसरत नाही, तिथंच आपटत राहतो. डोळ्यांचंही तेच. लेझरचा झोत माणसांच्या डोक्यावरून जायला हवा, डोळ्यांत नाही. मिरवणुकीतल्या लेझरमुळं तरुण पोरांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्यात. त्या टाळता येण्यासारख्या होत्या.

आणखी एक. त्या हॉलमध्ये मुली मध्यभागी, बिनधास्त, घामाघूम होऊन नाचत होत्या. कुणी धक्का मारला तर तो मागं वळून माफी मागत होता. आपल्याकडं डीजे वाजतो तेव्हा पोरी गच्चीवरून बघतात. आपल्या पोरींनाही तालावर नाचावं वाटतं. त्यांना खाली उतरता येईल असा कार्यक्रम आपल्याला करता येत नाही, हे मला आवाजाच्या तक्रारीपेक्षा जास्त लागतं.

नशेबद्दल आईबाप विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. रेव्हच्या इतिहासात एमडीएमएच्या गोळ्या सुरुवातीपासून आहेत, ते नाकारणं खोटेपणा होईल. ही गोळी घेतलेल्याला दमल्याचं कळत नाही, अंगाचं तापमान चढत जातं, आणि गर्मीत तासन्तास नाचलं तर ते जिवावर बेततं. भीतीपोटी कुणी नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही जीव घेऊ शकतं. गोळीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. पण मी त्या रात्री पहाटेपर्यंत पाणी आणि लिंबू सरबतावर उभा होतो आणि आजूबाजूला तसेच कितीतरी जण होते. या संगीताला गोळी लागत नाही. मित्र तापला, बरळायला लागला, उभं राहता येईना, तर त्याला बाजूला नेऊन बसवा, अंग गार करा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरला खरं काय घेतलंय ते सांगा. तिथं लपवाछपवी करू नका.

रात्रीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर ती कानानं दिलेली तक्रार आहे. सहसा ती एक-दोन दिवसांत उतरते. उतरली नाही, किंवा एका बाजूचं ऐकू येणं कमी झालंय असं वाटलं, तर थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. लवकर गेलं तरच उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता असते. नाचून आल्यावर पोटऱ्या धरतात, ते दोन दिवसांत जातं.

ज्यांना घरी ऐकून बघायचंय त्यांनी नव्वदच्या सुरुवातीच्या रॉटरडॅमपासून सुरुवात करावी, १६० च्या आसपासच्या. त्यातला ठोका अजून मोकळा आहे, मधली जागा कळते. मग हॅपी हार्डकोर, ज्यात पियानो आणि गोड चाली भरपूर असतात, लेकरांनाही आवडतं. एकदम २०० वर उडी मारली की कान बंद होतो आणि माणूस कायमचा वैतागतो. इअरफोन नको, एखादा चांगला बेस असलेला स्पीकर घ्या आणि आवाज बोलणं ऐकू येईल एवढाच ठेवा. पहिल्या वेळेला फक्त दर दुसरा ठोका मोजा आणि त्यावर पाय टाका. ठोक्याचा स्वर बदलतोय का तेवढं बघत राहा. तो बदलताना एकदा पकडता आला की ‘ह्यात गाणं कुठंय’ हे विचारायला तुम्ही परत माझ्याकडं येणार नाही, पुढची रेकॉर्ड कुठली ते विचारायला याल.